एक्सेलमध्ये खर्चाची गटवार बेरीज: सबटोटल की पिव्हट?

शेजारच्या काकांकडे सोसायटीच्या खर्चाची शीट आलीय, लिफ्ट, पाणी, वॉचमन, सफाई असं हेडवाइज (खर्चाच्या प्रकारानुसार) टोटल हवंय, आणि ते विचारतायत डेटा टॅबमधलं सबटोटल (प्रत्येक गटाखाली बेरीज टाकणारं बटण) वापरू की पिव्हट टेबल (नोंदींवरून आपोआप बनणारा सारांश-तक्ता).

मेहनत बघितली तर सबटोटल शिकायला सोपं, पण आधी हेडच्या कॉलमवर सॉर्ट करायलाच लागतं, नाहीतर एकाच 'लिफ्ट'ची तीन ठिकाणी तीन टोटलं येतात. शीटला कंट्रोल टी करून टेबल बनवलं असेल तर ते बटण चालतच नाही, आधी साधी रेंज करा. पिव्हटला सॉर्ट लागत नाही, हेड 'Rows' या चौकटीत आणि रक्कम 'Values' या चौकटीत ओढली की झालं.

मूळ डेटाचं काय होतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सबटोटल तुमच्या नोंदींच्या मध्येच बेरजेच्या ओळी घुसवतं, पुढे नवीन बिलं टाकायची तर 'रिमूव्ह ऑल' करून परत सगळं करा. पिव्हट वेगळ्या शीटवर बसतं, नोंदींना हात लावत नाही, फक्त रिफ्रेश विसरलात तर जुनेच आकडे दिसत राहतात. महिनावार तुलनाही पिव्हटमध्येच नीट जमते.

पण ऑडिटरला प्रत्येक बिल आणि त्याखाली टोटल अशी प्रिंट हवी असते, तिथे सबटोटलच छान दिसतं. शीटच्या डाव्या बाजूला वर जे 1, 2, 3 आकडे येतात, त्यातल्या 2 वर क्लिक केलं की फक्त टोटलं उरतात.

म्हणजे काका, वर्षअखेरीला एकदाच छापायचं तर सबटोटल, दर महिन्याला नोंदी वाढणार असतील तर पिव्हट, आणि गूगल शीट्स वापरत असाल तर तिथे सबटोटलचं बटणच नाही, पिव्हटच करा.