चेक परत आलाय? सोलापूरच्या पूर्व भागातल्या या वकील मॅडमकडे जा

नाव लिहीत नाही, मॅडमनीच नको म्हणून सांगितलंय. वकिलांना जाहिरातीला बार कौन्सिलची बंदी आहे, नियम 36, आणि त्या बाबतीत त्या फार कडक. पूर्व भागात कुठल्याही टॉवेलवाल्याला विचारा, ऑफिस दाखवेल.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. परराज्यातल्या एका व्यापाऱ्यानं मालापोटी दिलेला चेक परत आला. आधी एका वकिलांनी सांगितलं, केस त्याच्या गावी घालावी लागेल. दर तारखेला रेल्वेनं कोण जाणार? मॅडमनी एवढंच विचारलं, "चेक कुठल्या ब्रँचला भरला?" साखर पेठेतली ब्रँच सांगितली. "मग केस सोलापुरातच की." 2015 च्या कायदा दुरुस्तीपासून कलम 138 ची, म्हणजे चेक न वटल्याची, फिर्याद पैसे घेणाऱ्याचं खातं ज्या ब्रँचला, तिथल्या कोर्टात चालते.

मग बँकेचा मेमो, म्हणजे चेक परत आल्याची चिठ्ठी, हातात घेतला, तारखेखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या. मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती पोचल्यावर समोरच्याला 15 दिवस, त्यानंतर महिन्याच्या आत फिर्याद. एक खूण हुकली की केस लंगडी. नोटीस माझ्यासमोर स्वतः टाइप केली, बिलं आणि बिल्ट्या (ट्रान्सपोर्टच्या पावत्या) एकेक ताडून. एका बिल्टीवरचा गाठींचा आकडा बिलाशी जुळत नव्हता, तो त्यांनीच पकडला. वडील यंत्रमागावर होते, त्यामुळे गाठ म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

बी.कॉम. झाल्यावर दयानंद लॉ कॉलेजातून तीन वर्षांचं एलएलबी, सनद, मग सीनिअरांकडे उमेदवारी. ("फाइली उचलल्या, तारखा घेतल्या. पैशाचं विचारू नका.") आता एकट्याच. ज्युनिअर नाही, कारकून नाही. पक्षकाराला मराठी जड जातंय दिसलं की सरळ तेलुगूत बोलतात.

त्या एकट्यानं काम करतात, त्याचा त्रास आपल्यालाही होतो. दिवसा फोन लागत नाही. दोन कोर्टांत एकदमच पुकारा झाला की एकीकडे पुढची तारीख पडते. माझीही पडली, तेव्हा चिडलो होतो. हायकोर्टाचं काम घेत नाहीत. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय, तरी सोलापूर सोडून जाणं जमत नाही म्हणतात.

फी टप्प्याटप्प्यानं. नोटिशीची वेगळी, फिर्यादीची वेगळी, आणि न मागता पावती. त्याच कायद्याच्या कलम 143अ खाली केस चालू असतानाच चेकच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मागता येते, त्याचा अर्ज दिला. पण कोर्ट देईलच असं धरू नका, हेही आधीच बजावलं होतं.

माझा हट्ट होता, त्याला आतच टाकायचा. मॅडम म्हणाल्या, "तो आत गेल्यावर तुमच्या सूतवाल्याचे पैसे कोण देणार?" शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली. व्याज सोडलं, मुद्दल हप्त्यांनी आलं. व्याजाचं अजून मनात आहे, पण माग थांबले नाहीत.

जाणार असाल तर संध्याकाळी, कोर्ट सुटल्यावर जा. मूळ चेक आणि मेमो सोबत हवा. मोबाइलवरचे फोटो दाखवले तर जिन्यावरूनच परत पाठवतात.