बेताच्या आवाजाचा क्लास (लश्कर, ग्वाल्हेर)

जनकगंजातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर मोठ्या माणसांसाठी शास्त्रीय गाण्याचा क्लास चालतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी साडेसहा ते आठ. फी महिन्याला ८०० रुपये. दारावर पाटी नाही आणि शिकवणाऱ्या बाईंना जाहिरात आवडत नाही, म्हणून नाव देत नाही. लश्करातल्या मराठी मंडळींकडे चौकशी केलीत तर घर सापडेल.

पहिल्या दिवशी बाई गायला सांगतच नाहीत. गप्पा मारतात. मी एजी ऑफिसात (महालेखापाल कार्यालयात) काय काम करते, घरी कोण कोण असतं, असं विचारता विचारता त्यांची बोटं पेटीवर माझ्या बोलण्याचा सूर शोधत होती. मग माझी पट्टी, म्हणजे पेटीवरचा माझा सा, ठरली पांढरी चार. बायकांच्या मानाने ही बरीच खालची. आधी मी ज्या क्लासला जायचे तिथे सगळ्या बायकांना सरसकट काळी पाच, म्हणजे बरीच वरची. तार षड्जाशी, म्हणजे वरच्या सा शी, पोचेपर्यंत माझ्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या आणि ‘जोर लावा’ एवढाच उपाय मिळायचा. इथे बाईंनी माझ्यासाठी तंबोऱ्याच्या तारा उतरवल्या, घोडीवरचा दोरा कणाकणाने सरकवत जवारी (तारांचा गुंजणारा नाद) लावली आणि मगच सा लावायला सांगितला. आवाज जाडसरच निघाला, थोडा खरखरीत. पण गळ्यात कुठे दुखलं नाही, आणि तो सूर मला हवा तितका वेळ धरून ठेवता आला.

आमच्या गावात गाणं किती मोठं आहे ते बाहेरच्यांना सांगायला हवं. तानसेनाच्या मकबऱ्यापाशी चिंचेचं झाड आहे. त्याचा पाला चावला की गळा गोड होतो म्हणतात. लहानपणी मलाही तो खाऊ घातला होता. ख्यालगायक हद्दू खाँ, हस्सू खाँ इथले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथली गायकी शिकून ती महाराष्ट्रात घेऊन गेले. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये इथेच संगीत विद्यालय काढलं. दर डिसेंबरात तानसेन समारोह असतो. इतक्या थोरांच्या गावात बेताच्या आवाजाचा माणूस मुकाट्याने श्रोता होऊन राहतो. त्यातून माझ्या जाऊबाई आकाशवाणीच्या कलाकार. घरात गाणं निघालं की मी चहा टाकायला उठायचे.

बाई म्हणतात, ग्वाल्हेरची गायकी तुमच्या-माझ्यासारख्यांनाही चालते, आणि शिकताना ते पटतं. अवघड, अनवट रागांच्या मागे लागायचं नाही. यमन, भूप, अल्हैया बिलावल असे सगळ्यांच्या ओळखीचे राग, ‘आ’ म्हणत मोकळा आकार, बंदिशीचे स्थायी आणि अंतरा हे दोन्ही भाग नीट म्हणायचे. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल बहुतेक तिलवाडा या सोळा मात्रांच्या तालात. पण इथे लय फार संथ नसते, त्यामुळे माझ्यासारखीचा दमही पुरतो. तान घेताना मी अडखळले तेव्हा त्या म्हणाल्या, “ताई, गळ्यात जेवढी आहे तेवढीच घ्या. अंतरा मात्र टाकू नका, तो तुमच्या हक्काचा आहे.” ‘हक्काचा’ हे ऐकून मला भरून आलं.

गेल्या गणपतीत आरतीनंतर मी भूपातला छोटा (जलद लयीतला) ख्याल म्हटला, माझ्या पांढरी चारमध्ये. जाऊबाई आपणहून तंबोरा घेऊन मागे बसल्या. पुन्हा म्हण असं कुणी म्हटलं नाही, फार कौतुकही झालं नाही. मंडळी ऐकत होती, मग प्रसाद वाटला गेला. मी त्या रात्री अतिशय आनंदात होते. जाऊबाईंसारखं गाता यायला हवं होतं, असं एकदाही मनात आलं नाही, आणि हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं.

आता गैरसोयी. पट्टीप्रमाणे तीन-तीन जणांचे गट करतात, त्यामुळे दीड तासातला बराच वेळ दुसऱ्यांचं ऐकण्यात जातो. मला ते आवडतं, घाईतल्या माणसाला आवडणार नाही. तबलजी फक्त शनिवारी येतात, इतर दिवशी तबल्याचं यंत्र. जिना अरुंद आणि काळोखा आहे, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आधी बघून घ्यावं. गल्लीत स्कूटर जेमतेम लागते, चारचाकी मोठ्या रस्त्यावरच सोडावी. प्रारंभिक ते विशारद अशा परीक्षांची तयारी इथे होत नाही, टीव्हीवरच्या स्पर्धांची तर नाहीच. मुलांना त्यासाठी पाठवायचं असेल तर शहरात संगीत महाविद्यालय आहे, विद्यापीठ आहे.

पन्नाशीनंतर, गाण्याचं कुठलंही शिक्षण नसताना, कुणालाही काही सिद्ध करून दाखवायचं नसताना ज्यांना गावंसं वाटतं, त्यांनी जरूर जावं. नवीन माणसांना दसऱ्यानंतर घेतात. पहिले दोन दिवस नुसतं बसून ऐकू देतात, त्याचे पैसे घेत नाहीत.