१,६२,००० किलोमीटरवर घेतलेली ई २५०: मालकाचा अभिप्राय

गाडी २०१३ सालची. मर्सिडीज-बेंझ ई २५० सीडीआय, डब्ल्यू २१२ पिढीतली, फेसलिफ्टनंतरची, म्हणजे त्याच पिढीत मधेच केलेल्या बदलांनंतरची. घेतली तेव्हा मीटरवर १,६२,००० किलोमीटर होते, आज २,०५,००० च्या पुढं गेलेत. साडेदहा लाखांत घेतली. नवी असताना ही गाडी चाळीस-पंचेचाळीस लाखांच्या घरात होती.

शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. माझी गिऱ्हाइकं चाकण-भोसरीकडची, त्यामुळं कोल्हापूर-पुणे हा माझा नेहमीचा रस्ता. एका बाजूला साधारण २३० किलोमीटर. शिवाय आईच्या गुडघ्यांचे उपचार पुण्यात चालू आहेत आणि तिला उंच गाडीत चढता येत नाही. एवढ्या पैशात नवी छोटी एसयूव्ही आली असती. मी मुद्दाम ही घेतली, आणि आजही तीच घेईन.

आधी मीटरबद्दल. लोक कमी पळालेली गाडी शोधतात. डिझेलच्या बाबतीत मला हे पटत नाही. भट्टी रोज पेटवून विझवली की लायनिंग लवकर तडकतं, सलग चालवली की टिकतं, हे मी तीस वर्षं बघतोय. डिझेल इंजिनाचंही तसंच आहे. गावात तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचं इंजिन नीट तापतच नाही. ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) आणि हवा आत घेणाऱ्या इनटेकमध्ये काजळी साठते, तेलात इंधन उतरतं. माझी गाडी पहिल्या मालकानं पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर पळवलेली, आणि त्याच्याकडं प्रत्येक सर्व्हिसचं बिल तारखेनिशी लावलेली फाइल होती. त्या फाइलसाठी मी पन्नास हजार जास्त मोजले.

त्याच्या आधी एका डीलरकडं दिल्ली पासिंगची, त्याच सालची पांढरी गाडी बघितली होती. मीटरवर ५८,०००. पण ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं आणि स्टिअरिंगचं चामडं चकाकणारं. या गाडीत किलोमीटरचा आकडा फक्त मीटरमध्ये राहत नाही, किल्ली जिथं लावतो त्या इग्निशनच्या मॉड्यूलमध्येही राहतो. माझ्या मिस्त्रींनी तपासणीचं मशीन लावलं तर तिथं १,९०,००० च्या वरचा आकडा. डीलरनं लगेच लाखभर कमी करायची तयारी दाखवली. आम्ही उठलो. २०१५ साली हरित लवादानं दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश दिला, तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडं येतात. त्यात चांगल्याही असतात, पण महाराष्ट्रात नोंदणी करताना वाहनकर पुन्हा भरावा लागतो, तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणावी लागते. तो खर्च धरून मगच भाव करावा. आणि कुठलीही असो, आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा. असेल तर फॉर्म ३५, म्हणजे कर्ज फिटल्याचा बँकेच्या सहीचा फॉर्म, हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

फेसलिफ्टचीच का? तर या ओएम ६५१ इंजिनाच्या सुरुवातीच्या वर्षांत पिझो प्रकारचे इंजेक्टर (डिझेल फवारणारे भाग) होते आणि त्यांच्या बऱ्याच तक्रारी जगभर आल्या. नंतर कंपनीनं सोलेनॉइड प्रकारचे बसवले. दुसरं म्हणजे या इंजिनाची टायमिंग चेन (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारी साखळी) मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडं आहे. तिचं काम निघालं तर ते मोठं काम. म्हणून गाडी बघायला सकाळी जा, इंजिन पूर्ण थंड असताना, आणि मालकाला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत सुरू करू नका. थंड असताना हे इंजिन खडखडतं, तो त्याचा स्वभाव आहे. पण त्या खडखडीत मागून साखळी घासल्यासारखा आवाज ऐकू आला आणि दोन-तीन सेकंदांत थांबला नाही तर व्यवहार सोडून द्या.

घेतल्यावर पहिल्या दोन महिन्यांत अडीच लाखांच्या वर घातले. पुढच्या सस्पेन्शनच्या आर्म आणि बुश (सांध्यांतले रबर), इंजिन माउंटिंग, गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर, पट्टा-टेन्शनर, पुढच्या डिस्क-पॅड, बॅटरी, चारी टायर. यातलं काहीही बिघाड म्हणून बदललं नाही. रबर आहे, दीड लाखानंतर ते कडक होणारच. मी बजेटच तसं धरलं होतं. ज्याला साडेदहाची गाडी साडेदहालाच पडायला हवी, त्यानं या वाटेला जाऊ नये.

मिस्त्री पुण्यातले. बरीच वर्षं कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काढून आता स्वतःचं गॅरेज चालवतात. अलाइनमेंट करून घेऊ का विचारलं तर म्हणाले, "साहेब, आधी बुश. बुश गेलेले असताना अलाइनमेंटला पैसे घालवू नका." असा माणूस मिळाला तर गाडीपेक्षा त्याला जपा. आर्म त्यांनी लेमफर्डर या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचे आणायला सांगितले. मर्सिडीजच्या खोक्यात येतो तोच माल, त्यावरचा मर्सिडीजचा तारा तेवढा घासून काढलेला असतो, आणि किमतीत भरपूर फरक. फिल्टर मान (Mann) कंपनीचे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने सुटे भाग मिळतात, पण मी तिथून फक्त आतली प्लास्टिकं आणि ट्रिम घेतो. ब्रेकचं आणि स्टिअरिंगचं काहीही जुनं लावत नाही.

तेलाच्या बाबतीत मी हट्टी आहे. साडेसहा लिटर, मर्सिडीजच्या २२९.५१ या मानकाचंच, आणि डॅशबोर्ड काहीही सांगो, १०,००० किलोमीटरवर बदलायचं. डिझेल फिल्टर वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर. कूलंटमध्ये बोअरचं पाणी कधीच नाही, आमच्याकडच्या पाण्याचा खार पाइपांत बसतो. खंबाटकी चढून आल्यावर गाडी लगेच बंद करत नाही; टर्बोला मिनिटभर देतो.

आणि मग चालवायला काय आहे! २०४ हॉर्सपॉवर ठीक आहे, पण खरी मजा ५०० न्यूटन मीटरच्या टॉर्कची. तो मिनिटाला १६०० फेऱ्यांवरच मिळतो. सातव्या गिअरमध्ये शंभरच्या वेगाला इंजिन दीड हजाराच्या आसपास फिरत असतं, आवाज येतो तो फक्त टायरचा. महामार्गावर लिटरला १५ किलोमीटर, गावात १०. गळीत हंगामात पेठ नाक्याच्या आसपास रात्री मागं दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अचानक समोर येतात. तिथं या गाडीचे ब्रेक दाबले की ती सरळ रेषेत बसते, डावी-उजवीकडं ओढत नाही. माझ्या दृष्टीनं पैसे तिथंच फिटले. आई मागं झोपली होती, शिवापूर टोलवर उठून म्हणाली, "सातारा मागं गेलं व्हय?"

अडचणी आहेत. सध्या रुंदीकरणाच्या कामानं ठिकठिकाणी वळवलेला रस्ता आणि गावांतले मनमानी स्पीड ब्रेकर यांना गाडी खालून लागते. तिरकी काढावी लागते. काच, दिवा, सेन्सर असं काही फुटलं तर सुटा भाग महाग, आणि कोल्हापुरात वाट बघावी लागते. जुन्या गाडीला विम्यात झिरो डेप (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई) मिळणं कठीण, म्हणून बंपरचा खर्च खिशातून.

देखभालीला वर्षाला लाख-सव्वा लाख जातात, टायर वेगळे. पुढच्या महिन्यात गिअरबॉक्सचं तेल दुसऱ्यांदा बदलायचंय, त्याच वेळी मागच्या सस्पेन्शनचे बुश. २०२८ मध्ये नोंदणीची पंधरा वर्षं पूर्ण होतील, तेव्हा फिटनेस करून पुढच्या पाच वर्षांचं नूतनीकरण करून घेणार आहे. पहिल्या मालकाच्या फाइलला मी माझी बिलं तारखेनिशी लावत चाललोय.