संसर्गाच्या प्रयोगांसाठी थ्री-पार्ट व्हेट सेल काउंटर: कुठे चालतो, कुठे फसवतो

माऊस आणि रॅटची वेगळी सेटिंग असलेला थ्री-पार्ट काउंटर (प्राण्यांच्या रक्तपेशी मोजणारे आणि पांढऱ्या पेशींचे तीन गट पाडणारे यंत्र) हिमोग्लोबिन, तांबड्या पेशी आणि प्लेटलेटसाठी जरूर घ्यावा. रक्त थोडे लागते, निकाल लगेच मिळतो. पण जिवाणूसंसर्गाचा प्रयोग नुसत्या त्याच्या डिफरन्शियलवर (पांढऱ्या पेशींच्या प्रकारवार प्रमाणावर) उभा करू नये.

हे यंत्र लायझिंग (तांबड्या पेशी फोडणाऱ्या) द्रावणात आकसलेल्या पांढऱ्या पेशींची विभागणी केवळ आकारमानावरून करते. निरोगी माऊसमध्ये पांढऱ्या पेशींपैकी साधारण ७० ते ८० टक्के लिंफोसाइट असतात. ई. कोलाय जिवाणूचे एलपीएस (त्याच्या बाह्य आवरणातला घटक) टोचले की काही तासांत लिंफोसाइट घटतात, न्यूट्रोफिलचे (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे) प्रमाण वाढते आणि अस्थिमज्जेतून बँड पेशी (अपक्व न्यूट्रोफिल) बाहेर पडतात. एकूण डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशींचा आकडा) तेवढाच दिसला तरी आतली मांडणी उलटलेली असू शकते, म्हणून टक्क्यांबरोबर प्रति मायक्रोलिटर आकडाही काढायचा. बँड पेशी, निळसर झालेले पेशीद्रव, डोहले बॉडी (पेशीद्रवातले निळसर ठिपके) हे यातले काहीही प्रिंटवर येत नाही. त्यासाठी लिशमन स्टेनने रंगवलेली स्लाइडच हवी: स्टेन २ मिनिटे, मग त्याच्या दुप्पट ६.८ पीएचचे बफर घालून ८ ते १० मिनिटे. बफर आम्ल असेल तर केंद्रके फिकी राहतात, अल्कली असेल तर सगळेच निळे दिसते.

स्मिअर (काचपट्टीवरचा रक्ताचा पातळ थर) रक्त काढल्याबरोबर ओढा. ईडीटीएमध्ये (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्यात) काही तास राहिलेल्या न्यूट्रोफिलमध्ये पोकळ्या पडतात आणि त्या विषारी बदल (संसर्गामुळे पेशीत झालेले बदल) म्हणून नोंदल्या जातात. माऊसच्या न्यूट्रोफिलचे कडीसारखे केंद्रक मात्र निरोगी जनावरातही दिसते; ते पाहून घाबरू नये.

सर्वांत जास्त घोळ प्लेटलेटच्या गुठळ्यांचा. सिरिंज हळू भरली किंवा नळी हलवायची राहिली की गुठळ्या होतात. मग प्लेटलेट खोट्या कमी आणि मोठ्या गुठळ्या पांढऱ्या पेशीत मोजल्या गेल्याने डब्ल्यूबीसी खोटा जास्त. संसर्गातही प्लेटलेट खरोखर उतरतात, त्यामुळे हा दोष सहज पचून जातो. आकडा कमी आला की स्मिअरची शेपटी (थराचे पातळ टोक) गुठळ्यांसाठी तपासायचीच. केंद्रकयुक्त तांबड्या पेशीही पांढऱ्यांत मोजल्या जातात; त्या स्लाइडवर १०० पांढऱ्यांमागे ५ पेक्षा जास्त दिसल्या, तर डब्ल्यूबीसीला १०० ने गुणून, १०० अधिक त्या पेशींच्या संख्येने भागा.

खरेदीआधी डेमो माऊसच्या ताज्या रक्तावरच मागा. माणसाच्या तांबड्या पेशी ८० ते १०० फेम्टोलिटरच्या, माऊसच्या साधारण ५० च्या. मानवी कंट्रोलवर (यंत्र तपासायच्या ठरावीक आकड्यांच्या नमुन्यावर) चोख चाललेले यंत्र इथे काय करेल, ते त्यावरून कळत नाही.