जीपीएस एरिया मीटर, एका हंगामानंतर: गुंठे बरोबर, साल 2006

स्पेक्स सगळ्यांना माहिती आहेत, व्हिडिओ पण ढिगानं पडलेत, म्हणून बॅटरी किती आणि स्क्रीन केवढी हे परत लिहीत नाही. हा वापरानंतरचा अनुभव आहे आणि खरं सांगायचं तर त्यातला निम्मा तारखेचाच आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही.

माझा धंदा रोटर, म्हणजे ट्रॅक्टरमागचं माती फोडायचं अवजार, भाड्यानं मारायचा. निपाणीच्या आसपास, वेदगंगेच्या काठानं, कधी चिकोडीकडं पण जातो. दर एकरी, आणि एकरी दर म्हणलं की रान किती यावर वाद ठरलेला. मालक म्हणतो तीस गुंठे, मला डिझेलवरनं कळतंय की पस्तीसच्या खाली नाही, आणि उताऱ्यावर तिसरंच, कारण बांध कुणी कधी कोरलाय ते उताऱ्याला काय माहीत. म्हणून साडेपाच हजार घालून हे मीटर घेतलं, चिठ्ठी काढायचा बारका प्रिंटर वेगळा पडला. बांधाकडेनं एक फेरी मारायची, जिथनं निघालो तिथं येऊन बटण दाबायचं, एकर-गुंठे स्क्रीनवर.

पहिले काही महिने मी ह्याचं कौतुक सांगत फिरलो हे कबूल. एकराच्या वर रान असलं की टेपनं मोजलेल्याशी जेमतेम गुंठ्याचा फरक. पाच-सहा गुंठ्याचा तुकडा असला तर मात्र भरवसा नाही, कारण असल्या मशीननं दाखवलेली जागा दोन-चार मीटर इकडंतिकडं होणारच आणि बारक्या तुकड्यात तेवढ्यानंच हिशोब हलतो. बांधाला नारळाची दाट रांग असली तरी तसंच, फेरी वाकडीतिकडी उमटते. मेनूत कन्नड आहे, हिंदी आहे, मराठी नाही. आम्हाला दोन्ही वाचता येतं म्हणून चाललं, पण त्याबद्दल पैसे काय कुणी कमी घेतले नाहीत.

मग 3 डिसेंबर 2025. ऊस तुटून गेलेलं रान, त्या आठवड्यात मशीन पहिल्यांदाच बाहेर काढलेलं. चिठ्ठी काढली, एक एकर बारा गुंठे, बरोबर. तारीख 19-04-2006. मालकानं चिठ्ठी डोळ्याजवळ धरून वाचली आणि म्हणाला, बरं झालं, मग त्यावेळच्या दरानंच घ्या. त्याचा भाऊ तर पुढचा, म्हणतो त्या साली हे रान आमच्या नावावर नव्हतंच, आज्जाच्या होतं, पैसे आज्जाकडं मागा. आज्जा वारून जमाना झाला.

हसून सोडलं, पण हा उधारीचा धंदा आहे. कारखान्याचं बिल जमा झाल्यावर पैसे, तोवर चिठ्ठी हाच पुरावा. एकसंब्याकडच्या एका कानडी गिऱ्हाइकानं चिठ्ठी बघून नुसतं ‘एन री इदु’ (हे काय हो) म्हणलं आणि मला तोंड लपवायला जागा उरली नाही. त्याहून वाईट पुढं आहे. ह्या मशीनची मेमरी भरली की ते सगळ्यात जुनी नोंद आपोआप पुसतं. आता सगळ्यात जुनी नोंद कुठली? 2006 ची, म्हणजे आजची. सकाळी मोजलेलं रान संध्याकाळी गायब, आणि पावसाळ्याआधीच्या, पैसे कधीच मिळून गेलेल्या नोंदी मात्र ठणठणीत. माझा सगळा राग इथं आहे. रिव्ह्यूत लोक स्क्रीन उन्हात दिसत नाही म्हणून रडतात, हे कुणी सांगत नाही.

कस्टमर केअरला फोन लावला. पहिलं उत्तर, सर सॅटेलाइटचा प्रॉब्लेम आहे. दुसरं, रिसेट मारा. मारला, परत 2006. तिसरं, तारीख वॉरंटीत येत नाही, डिस्प्ले आणि बॅटरी येते, दुरुस्तीला बाराशे रुपये आणि कुरिअर तुमचं. मी म्हणलं, तुमच्या मशीनच्या तारखेनं बघितलं तर ते अजून तयारच झालेलं नाही, त्याची वॉरंटी सुरू कधी व्हायची? पलीकडची पोरगी हसली आणि होल्डवर टाकलं. होल्डचं गाणं मला आता पाठ आहे.

शेवटी उलगडा केला तो धाकट्या भावाच्या पोरानं, बेळगावात बीएस्सीला आहे. त्यानं चिठ्ठी बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, काका, स्क्रीनवर वार कुठला दाखवतंय? बुधवार. आणि त्या दिवशी खरोखरचाच बुधवार होता. तो म्हणाला मग झालं, मशीन पूर्ण आठवड्यांच्या हिशोबानं मागं गेलंय, मोजून 1024 आठवडे.

गोष्ट अशी आहे की जीपीएसचे उपग्रह तारीख पाठवतच नाहीत. 6 जानेवारी 1980 पासून कितवा आठवडा चालू आहे आणि त्या आठवड्यातला कितवा सेकंद, एवढंच पाठवतात. आठवड्याच्या आकड्याला जागा दहा बिटांची (बिट म्हणजे 0 किंवा 1 लिहायचं एक घर), म्हणजे 0 ते 1023. ट्रॅक्टरचा अवरमीटर सगळे नऊ झाले की परत शून्यावर येतो तसं. म्हणजे 19 वर्षं आणि साडेसात महिन्यांनी सगळं पहिल्यापासून. असं ऑगस्ट 1999 मध्ये झालं, एप्रिल 2019 मध्ये झालं, पुढचं नोव्हेंबर 2038 मध्ये. मग माझं 2025 मध्येच का? तर चिप बनवणारे त्यात एक खूण घालून ठेवतात की ह्या तारखेच्या आधीचं काही आलं तर ते पुढच्या फेरीतलं समज. त्या खुणेपासून 1024 आठवडे संपले की मशीन मागं उडी मारतं. आठवडा बदलतो आपल्या रविवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास, म्हणजे मी झोपलेलो असतानाच हे सगळं उरकलं. पोराचा अंदाज असा की आतला प्रोग्राम 2006 च्या आसपासचा असणार. म्हणजे नवीन म्हणून साडेपाच हजाराला दिलं आणि आतला मेंदू वीस वर्षं जुना! नवीन सिग्नलमध्ये ह्याच आकड्याला तेरा बिट दिलेत, दीडशे वर्षांच्या वर पुरतील, पण ते वाचणारी चिप घालायला चार पैसे जास्त पडतात ना.

मी विचारलं, तारीख एवढी चुकल्यावर गुंठे कसे बरोबर येतात? इथनं पुढं तो जे बोलला त्यानं माझं ह्या मशीनबद्दलचं मत निम्मं बदललं.

जागा काढायला साल लागतच नाही. प्रत्येक उपग्रह ‘मी अमक्या ठिकाणी आहे आणि आत्ता हे वाजलेत’ एवढं सांगतो. ते ऐकू यायला किती वेळ लागला त्यावरनं अंतर. चार उपग्रहांचं मिळालं की जागा पण कळते आणि मशीनच्या स्वतःच्या स्वस्तातल्या घड्याळाची चूक पण. फक्त वेळ फार बारीक लागते. प्रकाश आणि रेडिओ लहरी सेकंदाच्या अब्जाव्या भागात साधारण एक फूट जातात, म्हणजे दहा-बारा फूट इकडंतिकडं व्हायला घड्याळ तेवढेच अब्जांश चुकलं की पुरे. म्हणून वर अणुघड्याळं बसवलेली असतात. आपल्या इस्रोच्या आयआरएनएसएस-1ए ह्या जागा सांगणाऱ्या उपग्रहाची तिन्ही अणुघड्याळं बंद पडली आणि 2013 साली सोडलेला उपग्रह वर असून जागा काढायच्या कामाचा राहिला नाही.

आता खरी गंमत. हे उपग्रह 20,200 किलोमीटरवर ताशी 14,000 च्या आसपास फिरतात. आइन्स्टाइनच्या 1905 च्या सिद्धांतानं वेगात असलेलं घड्याळ मंद चालतं, म्हणून दिवसाला 7 मायक्रोसेकंद (सेकंदाचा दहा लाखावा भाग) मागं. 1915 च्या सिद्धांतानं वर गुरुत्वाकर्षण कमी तिथं घड्याळ जोरात चालतं, म्हणून 45 पुढं. वजाबाकी करून रोज 38 मायक्रोसेकंद पुढं. ऐकायला काहीच नाही, पण 38 मायक्रोसेकंदात प्रकाश अकरा किलोमीटरच्या वर जातो. हे धरलं नसतं तर अंतराचा हिशोब रोज तेवढ्यानं सरकत गेला असता. म्हणून घड्याळं खाली असतानाच जरा मंद लावून वर सोडतात. 1977 साली एनटीएस-2 नावाचा उपग्रह सोडला तेव्हा हे असं खरंच होणार का यावर काही जणांना शंका होती, म्हणून ही दुरुस्ती चालू-बंद करायची सोय ठेवली आणि पहिले वीसेक दिवस ती बंद ठेवून बघितली. घड्याळ जवळजवळ हिशोबाएवढंच पुढं गेलं. मग दुरुस्ती चालू केली, आणि जीपीएसच्या उपग्रहांत ती आजतागायत असते.

म्हणजे बघा, वरच्या लोकांनी सेकंदाच्या लाखाव्या भागाची काळजी घेतली, आणि खाली डबा बनवणाऱ्यानं वीस वर्षांकडं लक्ष दिलं नाही. माझं गाऱ्हाणं एका वाक्यात हेच आहे. कस्टमर केअरला मी हे वाक्य लिहून ईमेल केलं. उत्तर आलं, डियर कस्टमर, कृपया मॉडेल नंबर कळवा.

मी पोराला विचारलं की मशीन मागं जातंय म्हणजे टाइम ट्रॅव्हल खरंच आहे की काय. पुढं जायचं आहे म्हणाला, तेही थोडकं. गेनादी पदाल्का नावाच्या रशियन अंतराळवीरानं पाच मोहिमांत मिळून पावणेनऊशेच्या वर दिवस वर काढले, तो आपल्यापेक्षा सेकंदाचा पन्नासावा भाग भविष्यात गेला. एवढ्यासाठी एवढा खर्च! (तो जमिनीपासून फक्त चारशेक किलोमीटरवर होता, तिथं वेगाचा परिणाम जास्त पडतो, म्हणून त्याचं घड्याळ मागं पडलं. माझ्या उपग्रहांच्या बरोबर उलटं. हे डोक्यात शिरायला मला दोन चहा लागले.) मागं कोण गेलेलं नाही. फक्त कागदावर, 1949 साली फाइनमन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं दाखवलं की पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलट्या भाराचा जोडीदार, हा काळात मागं जाणारा इलेक्ट्रॉन आहे असं धरलं तरी गणित सुटतं. मी लगेच विचारलं, मग मीटरात ते काय आहे का? नाही म्हणाला, पण मामाच्या अंगात होतं. त्याच्या मामाचं, म्हणजे आमच्या मेव्हण्याचं, पेट (PET) स्कॅन झालेलं, त्यात जे टोचतात त्यातनं पॉझिट्रॉन सुटतात, लगेच इलेक्ट्रॉनला भेटून दोघं संपतात आणि दोन गामा किरण उलट्या दिशांना जातात, त्यावरनं गाठ कुठं ते कळतं. असल्या उलट्या जोडीदारांना प्रतिपदार्थ म्हणतात, ते म्हणजे काहीतरी परग्रहावरचं वाटायचं, हा तर इंजेक्शनातनं येतोय. नासानं 1999 मध्ये प्रतिपदार्थाच्या (प्रतिहायड्रोजनच्या) एका ग्रॅमची किंमत साडेबासष्ट लाख कोटी डॉलर काढलेली. ते ऐकल्यावर साडेपाच हजाराचं दुःख जरा कमी झालं.

तर सध्याची स्थिती. बरेच ईमेल गेल्यावर कंपनीनं फर्मवेअरची, म्हणजे मशीनच्या आतल्या प्रोग्रामची, नवीन फाइल फुकट पाठवली, बाराशेचा विषय कुणी परत काढला नाही. पोरानं लॅपटॉपला लावून चढवली. सोबत आलेली केबल फक्त चार्जिंगची निघाली, डेटाची दीडशेला निपाणीत घ्यावी लागली, हे पैसे मी अजून मागतोय. तारीख आता बरोबर येते. 2006 च्या नोंदी मात्र तशाच राहिल्या, त्या गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्यांवर मी पेनानं तारीख घालून सही घेतली. एक सही राहिलीय, आज्जाच्या नातवाची.

घ्यावं का? एकराच्या वरची रानं असतील तर घ्या, मापाचे वाद खरंच कमी झालेत. बारक्या तुकड्यांना टेपच बरा. दुकानात असतानाच मोकळ्यावर येऊन मशीन चालू करा, तारीख बघा, आणि सेटिंगमध्ये फर्मवेअर कुठल्या सालचं आहे ते विचारा. दुकानदार म्हणेल त्यानं काय फरक पडतो, तर दुसरं दुकान बघा. प्रिंटरचा कागद कंपनीकडनं घेऊ नका, बिलिंग मशीनचाच रोल बसतो आणि निम्म्या किमतीत मिळतो. मी पाचातले तीन स्टार दिलेत. दीडशे परत आले तर साडेतीन करीन.