३०० मीटर, १८ गोळ्या: स्विस ‘फेल्डशीसन’ स्पर्धेचे परीक्षण

स्वित्झर्लंडमध्ये दरवर्षी मेच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी गावोगावच्या रेंजवर ‘फेल्डशीसन’ ही लष्करी रायफलींची नेमबाजी स्पर्धा भरते आणि तीत लाखाहून अधिक लोक उतरतात. प्रवेशशुल्क नसते, काडतुसांचा भार सरकार उचलते आणि ज्याच्याकडे रायफल नाही त्याला स्थानिक नेमबाजी मंडळ आपल्या देखरेखीखाली ती वापरायला देते. झुरिक परिसरातील एका गावाच्या रेंजवर मी यंदा प्रथमच भाग घेतला. स्पर्धेचे नियम उत्तम आहेत आणि त्यांची अंमलबजावणीही चोख होते. मात्र नवख्या माणसाला ते आधी समजावून सांगण्यात त्या रेंजची व्यवस्था कमी पडते, असे माझे मत झाले.

स्पर्धेचा आराखडा लहानसा आहे. अंतर ३०० मीटर, गोळ्या १८. पहिल्या सहा एकेक करून सावकाश झाडायच्या आणि प्रत्येकीचा गुण लगेच दिसतो. मग तीन-तीन गोळ्यांच्या दोन फेऱ्या, प्रत्येकीला एक मिनिट. शेवटी सहा गोळ्या एका मिनिटात. वेळेच्या या फेऱ्यांमध्ये गुण फेरी संपल्यावरच कळतात. एका गोळीला जास्तीत जास्त चार गुण, म्हणजे एकूण ७२. सैन्यातली सध्याची ५.६ मिलिमीटरची ‘श्टुर्मगेवेर ९०’, तिच्या आधीची ‘श्टुर्मगेवेर ५७’ आणि त्याहून जुनी ‘काराबिनर ३१’ या तिन्ही रायफली एकाच ओळीत झाडल्या जातात. आजोबा जुनी काराबिनर घेऊन आणि नातू सैन्यातून मिळालेली नवी रायफल घेऊन शेजारी-शेजारी पालथे पडलेले मी पाहिले.

सुरक्षिततेच्या बाबतीत मला एकही उणीव सापडली नाही. कानांचे संरक्षण घातल्याशिवाय कोणालाही आत सोडत नव्हते. माझ्या शेजारी बसलेले वयस्कर देखरेखकार प्रत्येक फेरीपुरतीच काडतुसे मोजून माझ्या हाती देत होते आणि आज्ञा होईपर्यंत बोट ट्रिगरपासून दूर आहे ना, हे स्वतः पाहत होते. शेवटची गोळी सुटल्यावर मॅगझीन (काडतुसांची पेटी) काढायचे, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा खटका) मागे खेचून ठेवायचा आणि त्यांनी चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या खोबणीत, डोळ्यांनी पाहून खात्री केल्याशिवाय जागेवरून उठायचे नाही, हा क्रम त्यांनी माझ्याकडूनही पाळून घेतला आणि माझ्यानंतर आलेल्या, गणवेशात वर्षे काढलेल्या माणसाकडूनही. जाणकार म्हणून कोणाला सूट नाही, हे पाहून मला खरोखर समाधान वाटले, कारण भरलेल्या शस्त्राचे अपघात पुष्कळदा सरावलेल्या हातांकडूनच होतात.

आता माझ्या मुख्य आक्षेपाकडे येतो. फेल्डशीसनमध्ये चाचणीच्या गोळ्या नसतात. पहिली गोळीही गुणांतच धरली जाते. या नियमामागचा विचार मला पूर्ण पटतो. येथील सैन्य नागरिकांचे आहे, सैनिक आपली रायफल घरी ठेवतो, आणि ती रायफल पहिल्याच गोळीला कोठे मारते हे त्याला ठाऊक असले पाहिजे. परंतु मंडळाची उसनी रायफल घेतलेल्या पाहुण्याला ते कसे ठाऊक असणार? माझ्या पहिल्या सहा गोळ्या डावीकडे खाली, पण एकमेकींना खेटून पडल्या. कोल्हापूरला महाविद्यालयात असताना एनसीसीच्या शिबिरात २५ यार्डांवरून .२२ रायफलीने आम्ही पाच राउंडांचे ग्रूपिंग करत असू. तेथे गोळ्या लक्ष्याच्या मध्यापासून दूर पडल्या तरी जवळ-जवळ पडल्या म्हणजे उस्ताद खूश होत, कारण हात स्थिर आहे आणि दोष साइटचा, म्हणजे रायफलीवरच्या नेम धरायच्या साधनाचा आहे, हे त्यावरून कळते. येथे मात्र ग्रूपिंगला गुण नाहीत. त्या सहा गोळ्यांचे मला २४ पैकी १३ गुण मिळाले. मग देखरेखकारांनी साइट फिरवून दिली आणि उरलेल्या १२ गोळ्यांत मी ४८ पैकी ४१ गुण मिळवले.

नियम बदलावा असे मी म्हणत नाही. उसन्या रायफली स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात एका अनुभवी नेमबाजाने झाडून साइट नीट बसवून ठेवाव्यात आणि प्रत्येक रायफलीवर तशी चिठ्ठी लावावी. या कामाला एक संध्याकाळ पुरेल. दुसरी तक्रार भाषेची आहे. सूचना फक्त स्विस जर्मन बोलीत दिल्या जात होत्या. पुस्तकी जर्मन शिकून आलेल्या माझ्यासारख्याला ‘भरा’, ‘थांबा’ आणि ‘रिकामी करा’ या आज्ञा कळल्या, कारण त्या सोबत हातानेही दाखवल्या गेल्या. पण वेळेच्या फेरीत मिनिट नेमके कधी सुरू होते, हे मला पहिली फेरी संपल्यावर उमगले. आज्ञांचा एक पानी तक्ता प्रवेशद्वारापाशी टांगला असता तर हा गोंधळ झाला नसता.

नोंदणीच्या टेबलावरची माणसे तत्पर होती. रविवारी सकाळी मात्र पाऊण तास रांगेत उभे राहावे लागले. शुक्रवारी संध्याकाळी गेलेल्या माझ्या सहकाऱ्याला लगेच जागा मिळाली. प्रथमच जाणाऱ्यांनी शुक्रवारच निवडावा, ओळखपत्र सोबत ठेवावे आणि रायफल हाती घेण्यापूर्वी तिची साइट ३०० मीटरसाठी शेवटची कोणी व केव्हा तपासली, हे न संकोचता विचारावे.