तोरेव्हिएहातला फ्लॅट: चौदा महिने राहून-वापरून

घर ऑगस्टमध्ये बघू नका. जानेवारीत बघा, आणि आत गेल्यावर कोट न काढता अर्धा तास बसा. माझं ते चुकलं.

जर्मनीत श्टुटगार्टजवळ सव्वीस वर्षं काढली. आता निवृत्ती तोंडावर आली, थंडी नको म्हणून स्पेनमध्ये, आलिकांतेच्या दक्षिणेला तोरेव्हिएहात दोन बेडरूमचा जुना फ्लॅट घेतला. एनआयई नंबर (परदेशी माणसाचा ओळख क्रमांक), नोटरी, हस्तांतरण कर हे घेणाऱ्यांना ठाऊक असतंच. मला सांगायचंय ते घरातल्या थंडीबद्दल.

इमारत 1987ची, फ्लॅट उत्तराभिमुख. पाहायला गेलो तेव्हा रस्त्यावर अंग भाजत होतं आणि आत मस्त गारवा. बायको म्हणाली, "हाच घेऊ." तोच गारवा डिसेंबरात हाडांत शिरतो. भिंतींना इन्सुलेशन नाही, हीटिंग नाही, पायाखाली आपल्या जुन्या चाळींत असायची तसली मोझॅइकची फरशी. बाहेर 16 अंश असताना घरात 13. त्यात समुद्राची दमट हवा. पहिल्याच हिवाळ्यात कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके आले आणि साड्यांना कुबट वास लागला.

5 जानेवारीची संध्याकाळ. खाली बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांची मिरवणूक चाललेली, मुलं उधळलेल्या गोड गोळ्या झेलत होती. आमचा 2000 वॉटचा हीटर चालू, गिझर 1500चा, आणि बायकोने विजेच्या शेगडीवर कुकर चढवला. सगळं घर अंधारात. आमच्या मीटरला मंजूर भार 3.45 किलोवॉट; त्यापुढे गेलं की मीटर आतूनच वीज तोडतो. फ्यूज पाहून पाहून मी थकलो. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजीबाई टॉर्च घेऊन आल्या, मेन स्विच खाली केला, बोटांवर तीन मोजले, वर केला. दिवे आले.

मग भार वाढवायला निघालो. वीज कंपनी म्हणाली, वायरिंग वीस वर्षांहून जुनं, आधी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून नवा 'बोलेतीन', म्हणजे वायरिंगचा दाखला आणा. इलेक्ट्रिशियनने तीन तारखा दिल्या आणि तिन्ही मोडल्या. प्रत्येक फोनला मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचो. मार्चमध्ये 4.6 किलोवॉट मिळाले, तेव्हा थंडी संपलेली. आणि किलोवॉटमागे स्थिर आकार असतो. घर बंद ठेवून जर्मनीत बसलो तरी तो रोज चढतो. बारा महिने बदलही करता येत नाही. हे बिल पाहिलं की अजून चीड येते.

इथवरचं गेल्या उन्हाळ्यात लिहून ठेवलं होतं. आता मत बरंच बदललंय.

नोव्हेंबरात त्याच आजीबाईंनी घरी बोलावलं. त्यांच्याकडे गोल टेबल, वरून जमिनीपर्यंत जाड कापड, आणि खाली पायांजवळ 400 वॉटची विजेची शेगडी. याला 'मेसा कामिया' म्हणतात. कापड मांडीवर ओढून बसलो आणि पाच मिनिटांत पाय ऊबदार झाले. लहानपणी आजोळी शेकोटीला पाय पसरून बसायचो, तसं वाटलं. सगळी खोली तापवायची नाही, बसलेल्या माणसाला ऊब द्यायची. एवढी साधी गोष्ट, आणि मी मात्र अख्ख्या घराला हीटर लावत बसलो होतो. आम्ही जुन्या बाजारातून तसलं टेबल आणलं. गिझरला टायमर लावला, पाणी रात्री बारानंतर स्वस्त दरात तापतं. हा हिवाळा एकदाही अंधार न होता गेला. बारा महिने भरताच भार पुन्हा 3.45वर आणतोय.

बाकी कागदपत्रांत एकच गोष्ट जपा. सोसायटीची चालू आणि मागच्या तीन वर्षांची थकबाकी फ्लॅटबरोबर नव्या मालकाकडे येते, म्हणून प्रशासकाचा दाखला सहीआधी हातात घ्या. आणि आमच्यासारखे परदेशात राहत असाल तर घर भाड्याने न देताही दरवर्षी मोदेलो 210 हा फॉर्म भरून कर द्यावा लागतो.

उत्तरेच्या भिंतीला मात्र उपाय नाही. समोरच्या रांगेत तसाच फ्लॅट दक्षिणेला तोंड करून होता, थोडा महाग, म्हणून मी सोडला. रोज सकाळी त्याच्या बाल्कनीत एक जोडपं उन्हात नाश्ता करताना दिसतं. आम्ही अकरा वाजता स्वेटर घालून खाली उतरतो, किनाऱ्यावरच्या बाकावर बसतो, अंग तापलं की स्वेटर काढतो, आणि घरी परतताना जिन्यात पुन्हा चढवतो.